कोणत्या इमारतीने कोणाला मत दिले?

मुंबई महापालिकेची निवडणूक जवळपास नऊ वर्षांनी, १५ जानेवारी २०२६ रोजी झाली. २२७ जागा, एक कोटी तीन लाखांहून अधिक मतदार, दहा हजारांवर मतदान केंद्रे आणि सुमारे ५३ टक्के मतदान. संध्याकाळी नेहमीप्रमाणे मतदान ‘शांततेत’ पार पडल्याचे सांगण्यात आले. दिवसभर गाजली ती बोटावरची शाई. मार्कर पेनची खूण पुसली जाते अशा तक्रारी आल्या, चित्रफिती फिरल्या, राज्य निवडणूक आयोगाला खुलासा करावा लागला. त्याआधीचे दोन महिने दुबार नावांचे होते. मुंबईच्या प्रारूप यादीत सुमारे ११ लाख नोंदी दुबार असल्याचे समोर आले आणि १ नोव्हेंबरला विरोधकांनी ‘सत्याचा मोर्चा’ही काढला. या सगळ्या तक्रारी गंभीर होत्या. पण शाई, दुबार नाव, यंत्र या तिन्हींचा रोख एकाच प्रश्नावर आहे: खोटे मत पडले का? खऱ्या मतदाराने आपल्याच नावावर, आपल्याच हाताने, पण धाकाखाली दिलेले मत या तपासणीत कुठेच सापडत नाही. त्या मतदाराच्या बोटाची शाई पक्की असते, नाव यादीत एकदाच असते आणि यंत्रही चोख चालते. उपनगरांतल्या पालिका निवडणुकीत हाच धाक मोठा आहे. त्याच्यावर लक्ष ठेवायचे तर मतदान केंद्राच्या दारावर कितीही पोलीस उभे करून भागणार नाही, कारण मतदार तिथे पोहोचतो तेव्हा धमकीचे काम उरकलेले असते. तिला बळ येते ते मतमोजणीच्या पद्धतीतून. मोजणी बदलल्याशिवाय धाक हटणार नाही, असे माझे म्हणणे आहे.

उघड दहशत अजिबात नव्हती असे नाही. अर्ज मागे घेण्यावरून पेटलेल्या वादात सोलापुरात एका पक्षाच्या विद्यार्थी संघटनेच्या पदाधिकाऱ्याचा खून झाला. वांद्रे पूर्वेत प्रचार करणाऱ्या एका उमेदवारावर चाकूहल्ला झाला. राज्यातल्या २९ महापालिकांत मिळून साठहून अधिक नगरसेवक बिनविरोध झाले, त्यांतले वीसच्या आसपास एकट्या कल्याण-डोंबिवलीत. माघारीमागे दबाव किंवा आमिष होते का, याचे अहवाल आयोगाने मागवले. मुंबईत कोणी बिनविरोध आले नाही, म्हणून उपनगरांचे त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. वास्तविक बिनविरोध निवड म्हणजे मतदाराकडून ‘नोटा’सुद्धा काढून घेणे होय. स्थानिक निवडणुकीत ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडली तर फेरनिवडणूक घ्यायची, असा आदेश २०१८ मध्ये याच आयोगाने काढला आहे. आणि आयोगाच्या मनात आले तर त्याच्या हाती बळ असते, हे २०२१ च्या जानेवारीत दिसलेही आहे. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या गावांत पदांचा लिलाव झाल्याचे उघड होताच आयोगाने तिथल्या ग्रामपंचायतींच्या निवडणुका सरळ रद्द केल्या. पण लिलाव झाला होता भर गावात, आणि त्याची चित्रफीत होती. अंधेरीतल्या झोपडपट्टीत किंवा मुलुंडच्या सोसायटीत जे चालते त्याची चित्रफीत निघत नाही.

तिथे काय चालते हे समजून घ्यायचे तर उपनगरातला माणूस नगरसेवकावर कशाकशासाठी अवलंबून आहे ते पाहावे लागते. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत घर मिळणार की नाही हे परिशिष्ट-२ या रहिवाशांच्या यादीतल्या ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ या दोन शब्दांवर ठरते. त्या पात्रतेसाठी १ जानेवारी २००० किंवा १ जानेवारी २०११ पूर्वीच्या वास्तव्याचे पुरावे द्यावे लागतात आणि या पुराव्यांत त्या काळच्या मतदार यादीतले नाव हा एक महत्त्वाचा कागद आहे. म्हणजे ज्या यादीवर मत मिळते तिच्यावरच घरही मिळते. यादीतून नाव उडणे ही अशा माणसाच्या दृष्टीने केवळ एका मताची हानी नव्हे. डोक्यावरच्या छपराचा प्रश्न आहे. यादीचे काम कोणत्या पक्षाचा माणूस ‘बघतो’ हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक असते. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगराचा पुनर्विकास आता एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण मिळून करत आहेत. असे प्रकल्प वर्षानुवर्षे चालतात. तेवढा काळ भाड्याचा धनादेश, संक्रमण शिबिरातली खोली, अपात्र ठरल्यावरचे अपील यांसाठी कोणाच्या तरी कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. फेरीवाल्यांचीही तीच गत. पथविक्रेता कायदा २०१४ मध्ये आला, पण बोरिवली किंवा अंधेरी स्थानकाबाहेरच्या बहुतेकांच्या हाती अजून प्रमाणपत्र नाही; ज्याच्याकडे हक्काचा कागद नाही त्याची रोजची गाडी कोणाच्या तरी मर्जीवर उभी असते. मध्यमवर्गीय सोसायट्या यातून सुटल्या आहेत असे समजू नये. पाण्याचा दाब, मागच्या गल्लीतला नाला, पार्किंगसमोरचे पेव्हर ब्लॉक, पुनर्विकासाची अडलेली फाईल ही कामे करून घ्यायची तर नगरसेवकाशी ‘चांगले संबंध’ लागतात, असे सचिव सर्वसाधारण सभेत उघडपणे सांगतात.

कुठल्याही कार्यकर्त्याला ‘मत दिले नाहीस तर बघून घेईन’ असे म्हणावे लागत नाही. ‘आपल्या चाळीतून या वेळी किती निघतील?’ एवढे विचारले तरी पुरते. धमकी देणाऱ्याला ती शब्दांत मांडावी लागत नाही आणि ऐकणाऱ्याला ती सिद्ध करता येत नाही, त्यामुळे तक्रारीच्या रकान्यात शून्य उरते. या शून्याकडे बोट दाखवून मुंबईत दहशत नसतेच, ते बंगाल-बिहारातले प्रकार आहेत, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पश्चिम बंगालमध्ये २०१८ च्या पंचायत निवडणुकीत सुमारे ३४ टक्के जागा बिनविरोध गेल्या. तसे काही इथे घडलेले नाही, हे मान्य. पण हिंसा ही धाक अयशस्वी होऊ लागल्याची खूण असते. ज्याच्या हाती घराचा कागद, नळाची जोडणी आणि फुटपाथवरची चार फूट जागा आहे त्याला काठी उगारण्याचे कारण पडत नाही.

इथे रास्त शंका येते. मत गुप्त असेल तर या धाकाला भ्यायचे कशाला? हो म्हणावे आणि आत जाऊन हवे ते बटण दाबावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या ‘नोटा’ निकालात मताची गुप्तता ही अभिव्यक्तीच्या मूलभूत हक्काशी जोडली, ती अशाच मतदारासाठी. अडचण अशी की गुप्तता एकट्या मतदाराची राहते, त्याच्या वस्तीची राहत नाही. हिशेब करून पाहा. मुंबईतल्या एका प्रभागात सरासरी पंचेचाळीस हजार मतदार आणि पंचेचाळीसच्या आसपास मतदान केंद्रे येतात. एका केंद्रावर साधारण हजार मतदार, आणि जानेवारीतल्या टक्केवारीने त्यांतले पाचशेतीस मत देऊन गेले. मुंबईत प्रभाग एकसदस्यीय आहेत; पुण्या-ठाण्यासारखी चार मतांची गुंतागुंत नाही. मोजणीच्या वेळी प्रत्येक केंद्राच्या यंत्राचे आकडे वेगळे निघतात आणि टेबलापाशी बसलेला पक्षाचा प्रतिनिधी ते उतरवून घेतो. दुपारपर्यंत उमेदवाराच्या हाती तक्ता येतो: अमुक चाळ, तमुक गल्ली, मला इतकी, त्याला तितकी. २०२४ पासून मतदारांची सोय म्हणून उंच इमारती आणि गृहसंकुलांच्या आवारातही मतदान केंद्रे उघडली जाऊ लागली. सोय खरीच आहे. म्हाताऱ्या माणसांना लिफ्टने उतरून मत देता येते. पण त्यामुळे केंद्राचा आकडा आता जवळजवळ त्या संकुलाचाच आकडा झाला आहे. पाचशे मतांचा तक्ता पाहून कोणी कोणाला मत दिले हे कळत नाही; कोणत्या इमारतीने दिले नाही हे मात्र लख्ख कळते.

हा आकडा आपल्या नेत्यांना ठाऊक आहे आणि ते तो बोलूनही दाखवतात. २०२५ च्या नोव्हेंबरात बारामतीजवळच्या माळेगाव नगरपंचायतीच्या प्रचारात तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी, मते तुमच्या हातात आहेत तसा निधी माझ्या हातात आहे, तुम्ही काट मारलीत तर मीही मारणार, अशा आशयाचे जाहीर वक्तव्य केले होते. २०१९ मध्ये उत्तर प्रदेशात मनेका गांधींनी तर गावांची प्रतवारीच सांगितली: जिथे ऐंशी टक्के मते ते गाव अ वर्गात, साठ टक्क्यांचे ब वर्गात, आणि कामे त्याच क्रमाने. दोन्ही विधानांवर टीका झाली, पण गावनिहाय आकडा त्यांच्याकडे आलाच कसा असे कोणी विचारले नाही. तो सर्वांकडे येतो. मुंबईत निधीच्या राजकारणाला तर या निवडणुकीआधीच्या चार वर्षांत मोकळे रानच मिळाले. मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपली, प्रशासक आले आणि नगरसेवकच उरले नाहीत. त्या काळात पालिकेकडून आमदारांना दिलेल्या निधीत सत्ताधाऱ्यांची झोळी भरली आणि विरोधी आमदारांच्या वाट्याला काही आले नाही, असे २०२४ च्या आरंभी वृत्तपत्रांनी दाखवून दिले. २०२५-२६ चा मुंबई पालिकेचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. एवढी रक्कम कोणत्या गल्लीत वळवायची हे ठरवणाऱ्याच्या टेबलावर कोणत्या गल्लीने काय केले याचा तक्ता असेल, तर धमकी उच्चारण्याची गरजच काय?

सामूहिक शिक्षेचा आणखी एक परिणाम असतो आणि तो मला सर्वांत घातक वाटतो. शिक्षा एकट्याला न होता सगळ्या इमारतीला होणार असेल तर शेजारीच पहारेकरी बनतात. सोसायटीचा अध्यक्ष स्वतः कोणाचा कार्यकर्ता नसतो. पण पाण्याची जोडणी अडकेल म्हणून तोच घरोघर सांगत फिरतो की या वेळी ‘आपला आकडा’ दिसला पाहिजे. चाळ कमिटी उमेदवाराकडून सीसीटीव्ही आणि रंगकाम करून घेते आणि मग त्या उपकाराची वसुली भाडेकरूंकडून करते. मतदारच पैसे मागतात, मग दहशत कसली, असा आक्षेप या ठिकाणी हटकून येतो. लक्ष्मीदर्शनाची सवय लोकांना लागली आहे, हे नाकारून चालणार नाही. पण आमिष आणि धाक हे दोन वेगळे रोग नाहीत. पाकीट घेतलेल्या वस्तीला निकालानंतर तिचा आकडा दाखवून जाब विचारता येतो म्हणून पाकिटाला किंमत आहे. आकडा दिसेनासा झाला की पाकीट वाटणाऱ्यालाच आपला पैसा पाण्यात गेल्याची शंका येऊ लागेल.

मतपत्रिकांच्या काळात यावर उपाय होता. निवडणूक संचालन नियमांतल्या ५९अ या नियमानुसार, मतदारांना धमकावले जाण्याची किंवा नंतर छळले जाण्याची भीती वाटल्यास निरनिराळ्या केंद्रांवरच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याचा आदेश आयोग देऊ शकत होता. छळाची शक्यता सरकारी नियमाने स्वतःहून गृहीत धरली होती, हे लक्षात घेण्याजोगे आहे. मतदान यंत्रे आली, मोजणी तासांवर आली आणि मिसळण्याची सोय निघून गेली. तंत्राने घालवलेली गोष्ट तंत्रानेच परत आणता येते. ‘टोटलायझर’ नावाचे उपकरण चौदा यंत्रे एकत्र जोडून त्यांची बेरीजच तेवढी दाखवते. केंद्रीय निवडणूक आयोगाने २००८ मध्ये त्याच्या वापरासाठी नियम बदलण्याची शिफारस केली, २०१५ मध्ये विधी आयोगाने आपल्या २५५ व्या अहवालात तिला दुजोरा दिला. केंद्र सरकारने मात्र ते मानले नाही. केंद्रनिहाय आकडे उमेदवारांना आणि पक्षांना उपयोगी पडतात, कुठे कमी पडलो ते कळते, अशी बाजू मांडली गेली. कुठे कमी पडलो हे कळणे आणि कोणी कमी पाडले हे कळणे यांत फरक करण्याची तसदी कोणी घेतली नाही.

या उपायावरचा खरा आक्षेप वेगळा आहे आणि तो हलका नाही. यंत्रांवरच संशय असताना केंद्रनिहाय आकडे झाकणे म्हणजे गैरप्रकार पकडण्याचा उरलासुरला मार्ग बंद करणे नव्हे काय? महाराष्ट्रातल्या पालिका निवडणुकांत व्हीव्हीपॅट नसते. जानेवारीत ‘पाडू’ नावाच्या पूरक यंत्रावरूनही गोंधळ झाला, तोही मतदानाच्या तोंडावर माहिती दिली गेल्यामुळे. अशा वेळी पारदर्शकता कमी करायला सांगणे अनेकांना उलट्या दिशेचा सल्ला वाटेल. पण इथे दोन आकडे आहेत. एका केंद्रावर एकूण किती मते नोंदली गेली, हा पहिला. मतदान संपताच तो सर्व पक्षांच्या प्रतिनिधींना सही-शिक्क्यानिशी दिला पाहिजे, त्याच रात्री जाहीर झाला पाहिजे आणि मोजणीच्या बेरजेशी ताडून पाहता आला पाहिजे. मते वाढवली-घटवली का, हे त्यातून कळते. त्यांतली कोणाला किती, हा दुसरा आकडा. तो चौदा केंद्रांचा मिळून जाहीर व्हावा, सुटा यंत्रात मोहोरबंद राहावा आणि निवडणूक याचिकेत न्यायालयाने सांगितले तरच उघडावा. यंत्राच्या आत मते फिरवली गेली असा संशय असेल तर त्याला उत्तर कागदी पुराव्याचे, म्हणजे व्हीव्हीपॅटचे आहे. चाळीचाळीचा तक्ता उमेदवाराच्या खिशात देण्याचे नव्हे. यात अभ्यासकांची थोडी गैरसोय होईल. ती मला परवडण्यासारखी वाटते.

मोजणी बदलली तरी तक्रारीची वाट मोकळी हवी, आणि ती आज जवळजवळ बंद आहे. मतदाराला धमकावणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७१ खाली ‘गैरवाजवी प्रभाव’ ठरतो. कलम १७४ मध्ये त्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही आहेत. पण हा गुन्हा अदखलपात्र आहे. पोलीस ठाण्यात गेलेल्या माणसाची एनसी घेतली जाते आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. दुसऱ्याच्या नावाने मत देणे मात्र दखलपात्र! म्हणजे आपल्या कायद्यालाही भीतीच्या मतापेक्षा खोट्या मताचीच काळजी अधिक. एकाच ठिकाणी कायदा शहाणा झाला आहे. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर, अनुसूचित जाती-जमातींच्या मतदाराला अमक्याला मत दे किंवा देऊ नको म्हणून धमकावणे हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मतदानानंतर त्या कारणावरून त्याला हक्काच्या सार्वजनिक सेवेपासून रोखणे हाही त्या कायद्याने स्वतंत्र गुन्हा ठरवला आहे. नळ तोडणे, यादीतून वगळणे, कामे अडवणे हा मतदानाचाच भाग असू शकतो, हे कायदा करणाऱ्यांना कळत नव्हते असे नाही. रमाबाई नगरासारख्या वस्तीत, जिथे ११ जुलै १९९७ च्या पोलीस गोळीबारात दहा माणसे गेली, राज्यसत्तेची भीती काय असते हे कोणी समजावून सांगावे लागत नाही; तिथल्या दलित मतदाराला निदान कागदावर हे संरक्षण आहे. त्याच गल्लीतल्या इतर गरीब मतदाराला ते का नसावे?

समजा कोणी तक्रार करायचे ठरवले, तर ती ऐकणार कोण? मुंबईत निवडणूक राबवणारे मुख्य अधिकारी पालिका आयुक्तच असतात आणि या खेपेला तेच जवळपास चार वर्षे चाललेल्या प्रशासकीय राजवटीचे प्रमुखही होते. झोपडी पाडण्याची धमकी मिळालेल्या माणसाने, झोपड्या पाडणाऱ्या यंत्रणेच्याच प्रमुखाकडे दाद मागायची, असा हा प्रकार आहे. यात आयुक्तांच्या सचोटीवर शंका घेण्याचे कारण नाही. रचनाच चुकीची आहे. आयोगाचे निरीक्षकही सरकारी अधिकारीच असतात. निकालाला आव्हान द्यायचे तर १८८८ च्या महापालिका कायद्याच्या कलम ३३ नुसार दहा दिवसांत लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांकडे अर्ज करावा लागतो. आमदारकीच्या निवडणुकीसाठी हीच मुदत पंचेचाळीस दिवसांची आहे आणि सुनावणी उच्च न्यायालयात होते. दहा दिवसांत झोपडपट्टीतली साक्ष उभी राहत नाही. छळ सुरू व्हायलाही पुष्कळदा त्याहून जास्त दिवस लागतात.

मग बाहेरचा डोळा आणावा, मानवी हक्क आयोगाकडे सोपवावे, असे सुचवले जाते. तो प्रयोग एकदा झाला आहे. २०२३ च्या पश्चिम बंगाल पंचायत निवडणुकीसाठी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने आपल्या तपास विभागाच्या महासंचालकांना विशेष निरीक्षक नेमले. राज्य निवडणूक आयोगाने त्याला आव्हान दिले आणि कोलकाता उच्च न्यायालयाने जूनमध्येच ती नेमणूक रद्द केली, कारण निवडणुकीवरची देखरेख राज्य निवडणूक आयोगाच्या अखत्यारीत येते. या निकालाविषयी काहींना हळहळ वाटली. मला तो योग्य वाटतो, कारण त्याने जबाबदारी कोणाची हे स्पष्ट केले. सर्वोच्च न्यायालयानेही २००६ च्या किशनसिंग तोमर प्रकरणात सांगितले आहे की स्थानिक निवडणुकांपुरते राज्य निवडणूक आयोगाचे स्थान केंद्रीय आयोगासारखेच आहे. अधिकार पूर्ण असतील तर उत्तरदायित्वही पूर्ण हवे. मतदानानंतरच्या छळाची गोष्ट मात्र वेगळी. निकाल लागला की आयोगाचे काम संपते आणि मतदाराची परीक्षा सुरू होते. २०२१ मध्ये बंगालमधल्या निकालोत्तर हिंसेची चौकशी त्याच उच्च न्यायालयाने मानवी हक्क आयोगाकडेच सोपवली होती. महाराष्ट्राचा राज्य मानवी हक्क आयोग २००१ पासून आहे. निकालानंतरच्या सहा महिन्यांत पाणी, पाडकाम, पात्रता यांबाबत प्रभागनिहाय आलेल्या तक्रारी मतमोजणीच्या आकड्यांशी ताडून पाहणे त्याच्या आवाक्यातले काम आहे.

निरीक्षकांविषयी एक धोक्याची सूचना जानेवारीच्या निवडणुकीनेच दिली. दुबार मतदार पकडण्यासाठी पक्षांनी आपली पथके उभी केली. ‘सत्याच्या मोर्चा’त तर राज ठाकरे यांनी दुबार मतदार दिसला की आधी त्याला चोप द्या, मग पोलिसांकडे द्या, अशा आशयाचे आवाहन केले. आयोगाच्या यादीत ज्याच्या नावापुढे दुबारची खूण आहे तो दर वेळी लबाड असतो असे नाही. घर बदललेला, नावाशी नाव जुळलेला, यंत्रणेच्या ढिसाळपणामुळे दोन ठिकाणी राहिलेला माणूसही त्यात असतो. त्याला केंद्राबाहेर चोप मिळण्याची भीती घालणे म्हणजे देखरेखीच्या नावाखाली धाकच. निरीक्षक पक्षाचा नको तो यासाठी. पण तो फक्त सरकारी हवा असेही नाही. श्रीलंकेत पॅफरेल ही संस्था १९८७ पासून नागरिकांच्या वतीने निवडणुकांवर लक्ष ठेवते आणि तिच्या अहवालांना वजन आहे. आपल्याकडे २०२४ च्या लोकसभा निवडणुकीचे दर्शन घडवायला २३ देशांतल्या पाहुण्यांना बोलावले गेले, पण घाटकोपरच्या निवृत्त शिक्षिकेला नागरिक-निरीक्षक म्हणून केंद्रात बसता येत नाही. संस्थाही पक्षपाती असतात, परकीय पैशावर चालतात, हा आक्षेप ऐकू येईल. त्यावर नोंदणी, हिशेब तपासणी आणि लेखी आचारसंहिता हे उपाय आहेत. उमेदवाराच्या प्रतिनिधीला, जो उघड पक्षपाती असतो, आपण केंद्रात बसू देतोच ना? अशा निरीक्षकांचे खरे काम मात्र केंद्रात नसून आधीच्या दोन महिन्यांत आहे: यादीतून कोणत्या वस्तीची नावे गळाली, आचारसंहितेच्या आधी कोणत्या भागात पाडकामाच्या नोटिसा गेल्या, माघार कोणी आणि कोणत्या तासाला घेतली.

या सगळ्या बदलांसाठी दिल्लीची वाट पाहावी लागत नाही, हे स्थानिक निवडणुकांचे वैशिष्ट्य आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३-झेडए नुसार पालिका निवडणुकांसंबंधी कायदा करण्याचा अधिकार राज्य विधिमंडळाचा आहे. लोकसभेसाठी केंद्राने टोटलायझर नाकारला म्हणून अंधेरी-मुलुंडच्या नगरसेवकासाठी तो नाकारला जात नाही. दहा दिवसांची मुदत वाढवायला विधानभवनात एक दुरुस्ती पुरेल; धमकी दखलपात्र करणारी राज्य दुरुस्ती राष्ट्रपतींच्या संमतीने होऊ शकते. येत्या पाच वर्षांत मुंबईत कधी ना कधी पोटनिवडणूक लागेलच. राजीनामे, निधन आणि जातप्रमाणपत्र पडताळणी यांमुळे त्या लागतातच. एका प्रभागाची, पंचेचाळीस केंद्रांची मोजणी चौदा-चौदाच्या गटांनी करून पाहायला आयोगाला फार तर एक दुपार लागेल. त्या दुपारी मोजणीच्या टेबलापाशी कोणते पक्ष किती मोठ्याने हरकत घेतात, हेही नोंदवून ठेवावे.